मगरिबला अर्धा तास आणि फ्रीजरमधला कॅन

असरची नमाज झाली की रोजेदार घरातल्या स्वयंपाकघराचा वेग वाढतो. एका शेगडीवर भजी, दुसरीवर समोसे, ओट्यावर कलिंगडाच्या फोडी आणि भिजवलेला सब्जा. तेवढ्यात कुणाला तरी आठवते की थंड पेयाचे कॅन बाहेरच राहिले. मग ते घाईघाईने फ्रीजरमध्ये कोंबले जातात. इफ्तार होते, सरबतानेच पोट भरते, पुढे मगरिब, जेवण, तरावीह. एखादा कॅन आत तसाच राहतो. सहेरीला दार उघडावे तर तळ फुगलेला, वाकडातिकडा झालेला कॅन हाती लागतो, नाहीतर तो आधीच फुटून सगळीकडे तपकिरी बर्फ पसरलेला असतो.

काच फुटली की आपण मुलांना लांब करतो. कॅन मात्र खेळण्यासारखा त्यांच्याच हातात देतो. "जा रे, फ्रीजरमधून काढून आण," हे काम घरातल्या सगळ्यात लहान रोजेदाराचे. म्हणून या कॅनच्या आत काय चालते ते एकदा नीट पाहायला हवे.

कॅनच्या भिंतीचा पत्रा जेमतेम 0.1 मिलिमीटर जाड असतो. तो ताठ उभा राहतो तो आतल्या वायूच्या दाबामुळे. मार्चच्या दुपारी रत्नागिरीतल्या खोलीत ठेवलेल्या कॅनमध्ये कारच्या टायरमधल्या हवेपेक्षा जास्त दाब असतो. फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवला की तो बराच उतरतो, कारण गार पाण्यात वायू अधिक विरघळतो. इथवर थंडी आपल्या बाजूची.

गोठायला लागले की गणित उलटते. पाण्याचा बर्फ होताना तो साधारण 9 टक्के फुगतो. 300 मिलीच्या कॅनला 25 मिलीच्या आसपास जादा जागा लागते आणि कॅनमध्ये तेवढी रिकामी जागा नसते. शिवाय बर्फ वायूला आपल्यात सामावून घेत नाही. तो उरलेल्या थोड्याशा द्रवात आणि वरच्या पोकळीत ढकलला जातो. तळाचा आत वळलेला भाग बाहेर येतो, मग शिवण किंवा झाकण सुटते. बिनसाखरेची 'डाएट' पेये तर आणखी लवकर गोठतात. काचेची बाटली फ्रीजरमध्ये ठेवूच नये. पत्रा निदान फुगून इशारा देतो, काच देत नाही.

उष्णतेचाही धोका तितकाच खरा. 2024 च्या उन्हाळ्यात अमेरिकेतील साउथवेस्ट एअरलाइन्सच्या विमानांत तापलेले कॅन उघडताना फुटले आणि कर्मचारी जखमी झाले. ईदला मुंबईहून निघणारे आपले चाकरमानी गाडीच्या डिकीत कॅनचे खोके टाकतात आणि वाटेत जेवायला थांबले की गाडी उन्हात उभी करतात. खोके सीटखाली सावलीत ठेवावे. घरी पोचल्यावर तापलेला कॅन लगेच उघडू नये, आणि तसाच फ्रीजरमध्येही टाकू नये.

मग इफ्तारला गार हवे तर? बादलीत बर्फ, तो बुडेल एवढे पाणी आणि दोन मुठी जाडे मीठ. हाताने फिरवायच्या आइस्क्रीमच्या पॉटमध्ये बर्फावर मीठ टाकतात, ते याच कारणाने. कॅन त्यात बुडवून अधूनमधून फिरवले की दहा-पंधरा मिनिटांत चांगले गार होतात. मगरिबच्या अर्धा तास आधी सुरुवात केली तरी वेळ उरतो. बंदरावरचा माशांचा बर्फ आणला असेल तर तो बाहेरून गार करण्यापुरताच. ग्लासात त्याचा खडाही जाऊ नये. कॅन काढल्यावर चांगल्या पाण्याने झाकणासकट धुवावा. फ्रीजरच वापरायचा असेल तर मोबाइलवर अर्ध्या तासाचा गजर लावावा. अजानच्या गजराशेजारी तोही राहील.

गोठलेला, फुगलेला कॅन सापडला तर उघडू नये, आपटू नये, गरम पाण्यात किंवा उन्हात ठेवू नये. मायक्रोवेव्हमध्ये तर कधीच नाही. तोंड बाजूला ठेवून तो जाड टॉवेलमध्ये गुंडाळावा, झाकणाच्या पातेल्यात घालून फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवावा आणि पुरता वितळेपर्यंत विसरून जावे. वितळल्यावरही तळ बाहेर आलेला किंवा शिवण ओलसर दिसली तर मोह नको. टॉवेलखाली धरून, तोंड दूर ठेवून हळूच दाब सोडावा आणि पेय ओतून द्यावे.

फुटलाच असेल तर आधी फ्रीजचा प्लग काढावा. पायात चपला, हातात जाड कापड. फाटलेल्या पत्र्याची कड पात्यासारखी असते. चिकटलेला बर्फ सुरीने खरवडण्याची आपल्याकडे फार सवय. नव्या बऱ्याच फ्रीजमध्ये आर-600ए नावाचा ज्वलनशील वायू असतो. त्याच्या नळीला भोक पडले तर फ्रीज जाईलच आणि धोकाही वाढेल. दार उघडे ठेवून बर्फ आपोआप सुटू द्यावा, मग कोमट पाण्याच्या फडक्याने पुसावे. हे सहेरीच्या घाईत करू नये, पण संध्याकाळपर्यंतही टाळू नये; आपल्याकडच्या मुंग्यांना गोड पाण्याचा पत्ता विचारावा लागत नाही.

सगळ्यात जपायचा तो डोळा. नुसते पेय उडाले असेल तर स्वच्छ पाण्याने धुवावे. पण झाकण किंवा पत्रा लागला असेल तर चोळू नये, दाबू नये, पाणी मारू नये. सुरमा, गुलाबजल, मध यांतले काहीही घालू नये. कागदी कप हलकेच वर धरून थेट नेत्रतज्ज्ञाकडे जावे. औषधाच्या थेंबांनी रोजा तुटेल या भीतीने काही जण मगरिबपर्यंत थांबतात. कोकणातले बहुसंख्य मुसलमान शाफई. शाफई आणि हनफी, दोन्ही फिक्हांत डोळ्यात घातलेल्या औषधाने रोजा तुटत नाही. पोटातून औषध घ्यावे लागले तर रोज्याची कजा आहेच.

उघडण्यापूर्वी कॅनवर टिचकी मारण्याची युक्ती घरोघरी आहे. डेन्मार्कमधल्या संशोधकांनी हजारावर कॅन हलवून, टिचक्या मारून पाहिले. टिचकीने काही फरक पडला नाही. (ते कॅन कसले होते, हे या पानावर न सांगितलेलेच बरे.) हललेला कॅन गार जागी काही मिनिटे स्वस्थ ठेवणे हाच उपाय. उघडताना तो टेबलावर असावा, मांडीत नको, आणि कडी आधी थोडीशीच उचलावी. फुस्स आवाज थांबला की मग पूर्ण. कोकम सोडा करणार असाल तर ग्लासात आधी आगळ-साखर नीट ढवळून घ्यावी आणि सोडा ग्लास तिरका धरून कडेने सोडावा. वरून ओतला तर फेसाबरोबर अर्धे कोकम दस्तरखानावर जाते, आणि तो डाग सहजी निघत नाही.