बाभळीचा कोश

(लेखांक अकरावा)

आज निवासमंडपातला दीपवृक्ष घ्यायचे ठरले होते. पण मधल्या आठवड्यात शिरपूर तालुक्यातून एका निवृत्त गुरुजींचे पत्र आले आणि दीपवृक्ष आठवडाभर मागे गेला. गुरुजी विचारतात : मराठी पवित्र शास्त्रात निवासमंडपातला, म्हणजे रानातल्या तंबूरूपी उपासनास्थानातला, कोश बाभळीचा, मेज बाभळीचे, वेदी बाभळीची, भिंतीच्या फळ्यासुद्धा बाभळीच्या. ही आपल्या बांधावरची बाभूळच का? की आपल्याला कळावे म्हणून भाषांतरकारांनी जवळचे नाव घातले? आणि ती खरोखर बाभूळच असेल, तर देवाच्या कोशाला चंदन नाही, साग नाही, हे काटेरी झाड का? शेवटी त्यांनी लिहिले आहे, ‘आमच्या गावात बाभळीवर भूत असते असे म्हणत. म्हणून विचारतो.’

गुरुजी, या प्रश्नावर मी कित्येक वर्षे बसून आहे. दीपवृक्ष थांबेल.

आधी नावाचे पाहू. मूळ हिब्रू शब्द ‘शित्ता’, अनेकवचन ‘शित्तीम’. हा शब्द हिब्रूत इजिप्तमधून आला. नाईलकाठच्या काटेरी झाडाचे जे प्राचीन इजिप्शियन नाव होते, त्याचाच एक वंशज हिब्रूत ‘शित्ता’ झाला आणि दुसरा अरबीत ‘सन्त’. आता पाहा, अरबीत ‘सन्त’ म्हणतात ते झाड कोणते? शास्त्रीय नावात ‘निलोटिका’, म्हणजे नाईलची, असे मिरवणारी तीच आपली बाभूळ. पांझरेच्या काठी, बोरीच्या नाल्यात, कापसाच्या शेताच्या बांधावर उभी असते ती. प्राचीन इजिप्तमध्ये नावा याच लाकडाच्या करीत. हिरोडोटसने त्या बांधणीचे वर्णन करून ठेवले आहे.

इस्राएल लोकांनी निवासमंडप उभारला त्या सीनायच्या रानात मात्र नेमकी ही जात नाही, तिच्या सख्ख्या चुलत बहिणी आहेत. एक छत्रीसारख्या सपाट माथ्याची, शेंगा पिळवटलेल्या. दुसरी तांबूस सालीची. पण काटा तोच, बारीक पान तेच, गोंड्यासारखे फूल तेच, डिंकही तसाच. म्हणजे ‘बाभूळ’ लिहिणाऱ्यांनी सोय पाहिली नाही, योग्य तेच लिहिले. इंग्रजीच्या जुन्या भाषांतरात ‘शित्तीम’ हा शब्द तसाच ठेवला होता, त्यामुळे कित्येक पिढ्यांच्या वाचकांना ते लाकूड डोळ्यांपुढे आणता आले नाही. आपल्या शेतकऱ्याला ते पहिल्या वाचनातच दिसले. वनस्पतिशास्त्रज्ञांनी २००५ साली व्हिएन्नाच्या परिषदेत ‘अकेशिया’ हे नाव ऑस्ट्रेलियातल्या झाडांना देऊन टाकले आणि आफ्रिका-आशियातल्या बाभळींना ‘वॅचेलिया’ म्हणायचे ठरवले. त्यामुळे नव्या पुस्तकात गुरुजींना वेगळे नाव दिसले तरी झाड बदललेले नाही.

एक सावधगिरी. रस्त्याच्या कडेला, पडीक रानात जिकडेतिकडे माजलेली वेडी बाभूळ हिच्यात धरू नका. ती दूर अमेरिकेतून आलेली, प्रजातीही वेगळी. आणि मोशेने जळताना पाहिलेले झुडूप हेही शित्ता नव्हे, त्याला मुळात ‘सने’ असा दुसराच शब्द आहे. हा घोटाळा मी चांगल्या चांगल्या प्रवचनांत ऐकला आहे.

आता ‘बाभूळच का?’ याचे सर्वांत साधे उत्तर असे, की तिथे तीच होती. सीनायच्या कोरड्या ओढ्यांत ज्याची फळी निघेल असे झाड जवळजवळ हेच. मुळे खोल जातात, पाऊस वर्षावर्षात नाही तरी उभे राहते. लेबानोनचा गंधसरू तिथून कितीतरी लांब. गंधसरू पुढे शलमोनाच्या मंदिराला आला, तेव्हा राजा होता, राजधानी होती, तायराच्या राजाशी करारमदार होते. रानातल्या लोकांजवळ यातले काही नव्हते. त्यांच्याजवळ मिसरातून, म्हणजे इजिप्तमधून, आणलेले सोने-चांदी होते आणि हाताशी काटेरी झाड होते.

जुन्या यहुदी भाष्यकारांचे मन यावर थांबले नाही. एक मिद्राश सांगतो, की याकोब मिसरात उतरला तेव्हाच त्याने झाडे लावली आणि मुलांना बजावले : एक दिवस तुम्ही इथून निघाल, त्या दिवशी हे लाकूड सोबत न्या. दुसरा म्हणतो, शित्तीम नावाच्या मुक्कामी लोक पुढे मूर्तींच्या नादी लागणार होते, त्या पापावरचा उपाय शित्तीमच्याच लाकडात आधी करून ठेवला. (शित्तीम हे गावाचेही नाव. झाडावरून गाव, आपल्या पिंपळनेरसारखे.) तिसरे भाष्य मला सर्वांत जवळचे वाटते. देवाने फळझाड न घेता शित्ता घेतली, ती माणसाला धडा म्हणून. साऱ्या जगाचा धनी आपले घर बांधताना फळझाडाला हात लावत नाही, तर तू तुझ्या घरासाठी का लावावास? अनुवादाच्या ग्रंथात वेढा घातलेल्या शत्रूच्या गावाचीसुद्धा फळझाडे तोडू नका असा नियम आहे, त्याच्याशी हे अगदी जुळते. आणि आपल्याकडे तरी दुसरे काय आहे? गाडीला, औताला, कुऱ्हाडीच्या दांड्याला बाभूळ पाडतात. आंब्याला कुऱ्हाड लावायची म्हटली की घरातली म्हातारी आडवी येते.

ख्रिस्ती परंपरेत लाकूड म्हणजे मनुष्यपण आणि सोने म्हणजे देवपण, असा अर्थ लावतात. लाकूड रानातले, सोने वरचे, आणि दोन्ही मिळून एकच कोश. नवापूर, चिंचपाड्याकडच्या मंडळ्यांत हा अर्थ तुम्ही ऐकला असेल. मी त्याला नाही म्हणत नाही. फक्त तिथे पोहोचायची घाई नको, असे मला वाटते. आधी लाकूड लाकूड म्हणून हातात घ्यावे.

मी ते घेतले, म्हणून सांगतो. वीस-बावीस वर्षांपूर्वी पारोळ्याजवळच्या एका गावात बैलगाड्या करणाऱ्या एका वयस्कर मिस्तरींकडे मी कोशाची मापे घेऊन गेलो. लांबी अडीच हात, रुंदी दीड, उंची दीड. हात म्हणजे कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत, साधारण दीड फूट. मिस्तरींनी स्वतःचा हात अंगणात टाकून माप काढले. खालच्या डोहात त्यांचे बाभळीचे ओंडके कित्येक महिने भिजत पडले होते. भिजवून मुरवलेल्या लाकडाला कीड लागत नाही, हे त्यांना कुणी शिकवायला नको होते. आणि हिब्रू शास्त्राचा प्राचीन ग्रीक अनुवाद करणाऱ्यांनी शित्तीमला काय शब्द वापरला? ‘न कुजणारे लाकूड’. झाडाचे नाव सोडून त्यांनी थेट गुण लिहिला.

कोशाच्या बाजूंसाठी दीड हात रुंदीची फळी हवी, हे ऐकताच मिस्तरींनी वाकस खाली ठेवली. “भाऊ, बाभूयमाईन इतली रुंद फयी निंघत नही,” ते म्हणाले. खोड वाकडे, पोटात गाठी, एका फळीत एवढी रुंदी मिळणार नाही. तीन फळ्या जोडून घ्याव्या लागतील. मी थक्क झालो. कारण निवासमंडपाच्या भिंतींच्या अठ्ठेचाळीस फळ्यांची मापे दिली आहेत दहा हात उंच आणि दीड हात रुंद, आणि विद्वानांचा गाडा नेमका तिथेच अडला होता. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ए. आर. एस. केनेडी या स्कॉटिश पंडिताने म्हटले, की मूळ शब्दाचा अर्थ अखंड फळी नसून चौकट असावा : दोन उभे खांब, मध्ये आडव्या पट्ट्या, शिडीसारखे. मग वजन कमी, वाहून न्यायला सोपे आणि आतले भरजरी पडदे चौकटीतून दिसतील. केनेडी हे शब्दांवरून बोलत होते, मिस्तरी लाकडावरून. दोघेही जवळपास एकाच जागी येऊन उभे राहिले.

त्या फळ्यांचा आणखी एक बारकावा. प्रत्येकीला खाली दोन कुसे, आणि ते चांदीच्या दोन उथळ्यांत बसायचे. कुशाला मूळ हिब्रूत जो शब्द आहे तो ‘हात’ या शब्दापासूनचा. म्हणजे रानातल्या प्रत्येक बाभळीला दोन हात, आणि ते दोन्ही चांदीत रोवलेले. सुतारकामाच्या या एका शब्दावर मी एक अख्खा रविवार घालवला आहे.

लाकूड कुठे आहे याइतकेच ते कुठे नाही हेही पाहा. कोश, मेज, धूपवेदी ही लाकडाची, सोन्याने मढवलेली. होमवेदी लाकडाची, पितळेने मढवलेली. पण कोशावरचे दयासन नुसते शुद्ध सोन्याचे. दीपवृक्षही नुसता सोन्याचा, एका अखंड गोळ्यातून ठोकून घडवलेला, आत काडीभर लाकूड नाही. गंगाळ नुसते पितळेचे. याचा मला लागलेला अर्थ पुढच्या खेपेला दीपवृक्षाबरोबर सांगेन. तोवर तुम्ही तुमचा लावून पाहा.

कोशाला सोने आतूनही होते आणि बाहेरूनही. आत कोण पाहणार? वर्षातून एकदा एकटा महायाजक परमपवित्रस्थानात जायचा, आणि तोही कोश उघडायचा नाही. बाबेलच्या तालमुदात रावा नावाच्या गुरूने यावरून म्हटले, की ज्या पंडिताचे आत आणि बाहेर सारखे नाही तो पंडितच नव्हे. तिथेच असेही सांगितले आहे, की कोश घडवणाऱ्या बसालेलने तीन पेट्या केल्या होत्या, मधली लाकडाची, आतली आणि बाहेरची सोन्याची, एकीत एक बसवलेल्या. म्हणजे या गुरूंच्या हिशोबात बाभूळ दोन सोन्यांच्या मध्ये होती, कुणाच्याही नजरेला न पडणारी.

आपल्या महाराष्ट्रातल्या यहुद्यांकडे ही रचना अजून हाताने चाचपता येते. मुंबईत मांडवीला समाजी हसाजी दिवेकरांनी १७९६ साली बांधलेले शार हारहामीम घ्या, किंवा पुण्यातले १८६७ चे लाल देऊळ, ओहेल दावीद. अशा सभास्थानांत तोऱ्याच्या गुंडाळ्या ठेवण्याचे कपाट, म्हणजे हेखाल, पश्चिमेच्या भिंतीला असते, कारण आपल्याकडून यरुशलेम पश्चिमेला. आणि गुंडाळी कित्येकदा एका उभ्या लाकडी पेटीत असते, तिला ‘तीक’ म्हणतात. अनेक पेट्या वरून चांदीने मढवलेल्या. आत शब्द, भोवती लाकूड, त्यावर धातू. कोश इ.स.पू. ५८६ मध्ये बाबेलच्या सैन्याने मंदिर जाळले त्यानंतर कुणाच्या दृष्टीस पडला नाही, दुसऱ्या मंदिरात परमपवित्रस्थान रिकामेच होते. पण ती रचना कोकणच्या किनाऱ्यापर्यंत येऊन पोहोचली.

आता दांडे. कोशाच्या चार पायांना सोन्याच्या चार कड्या, त्यांत बाभळीचे दोन दांडे, तेही सोन्याने मढवलेले. आणि एक कडक नियम : दांडे कड्यांतून काढायचे नाहीत. मेजालाही दांडे होते, वेदीलाही, पण न काढण्याचा नियम तिथे लिहिलेला नाही, फक्त कोशाला आहे. मंदिर बांधून झाले, कोश कायमचा ठेवला, तरी दांडे तसेच होते. ते इतके लांब, की त्यांची टोके पवित्रस्थानातून दिसत, असे राजांच्या पहिल्या ग्रंथात नमूद आहे. एकोणिसाव्या शतकातले रब्बी सॅमसन राफाएल हिर्श म्हणतात, की दांडे सांगतात, कोशातला देवाचा शब्द कुठल्या एका जागेला बांधलेला नाही.

आणि कोश खांद्यावरूनच न्यायचा. सरदारांनी निवासमंडपासाठी सहा गाड्या आणि बारा बैल दिले तेव्हा पडद्यांसाठी गेर्षोनाच्या कुळाला दोन गाड्या मिळाल्या, फळ्या-उथळ्यांसाठी मरारीच्या कुळाला चार. कोश वाहणाऱ्या कहाथाच्या कुळाला एकही नाही. पुढे दावीद राजाने कोश नव्या गाडीवर घातला. बैल अडखळले, उज्जाने सावरायला हात लावला आणि तो जागीच गेला. आपल्या गाड्यांच्या मुलखात ही गोष्ट वाचताना मला नेहमी जाणवते, की गाडीही बाभळीची असू शकते आणि कोशही बाभळीचाच, पण एकाने दुसऱ्यावर बसायचे नाही. कोथळीहून निघालेली मुक्ताईची पालखी ज्यांनी खांद्यावर घेतली आहे त्यांना याचे कारण विचारा. ते शब्दांत सांगणार नाहीत, खांदा दाखवतील.

मिस्तरींचा कोश तयार झाला. इंची फळ्या, झाकण नाही, सोने नाही, वजन साठ किलोंच्या घरात. दांडे घालून चौघांनी उचलला आणि अंगणातून वेशीपर्यंत नेऊन परत आणला. ठेवताना मिस्तरी सवयीने दांडे ओढू लागले. सामान आत घ्यायचे तर दांडे काढून बाजूला लावायचे, ही त्यांची रीत. मी म्हटले, काका, हे काढायचे नसतात. त्यांनी का म्हणून विचारले नाही. कोश आहे तसाच सपरात सरकवला. दांड्यांची टोके दाराबाहेर हातभर आली. मिस्तरी आज नाहीत. पेटी अजून त्याच जागी आहे, आणि घरातली पोरे येता-जाता त्या दांड्यांवरून उडी मारून जातात.

दीपवृक्ष पुढच्या आठवड्यात.