पुण्याचा कालवा

पुण्यास जाणारा प्रवासी शनिवारवाडा पाहतो, पर्वती चढतो. परंतु पर्वतीच्या पायथ्याशी वाहणाऱ्या कालव्याकडे त्याचे क्वचितच लक्ष जाते. वास्तविक या शहराच्या वाढीचे रहस्य पुष्कळ अंशी त्या पाण्यात आहे. म्हणून आज आम्ही वाचकांस त्याचीच कथा सांगणार आहोत.

पेशवाईत नानासाहेबांनी कात्रजच्या तलावातून भुयारी नळाने पाणी आणून शहरातील हौद भरविले होते. पुढे वस्ती वाढली, लष्कराची छावणी आली आणि पूर्वेकडील दुष्काळी मुलखात वरचेवर पिके बुडू लागली. तेव्हा कर्नल फाइफ या इंग्रज स्थापत्यविशारदाच्या योजनेप्रमाणे मुठा नदीवर खडकवासला येथे दगडी धरण बांधण्यात आले. १८७९ च्या सुमारास ते पुरे झाले. १९०३ साली विश्वेश्वरय्यांनी आपले स्वयंचलित दरवाजे प्रथम याच धरणावर बसविले.

धरणातून निघणारा उजवा कालवा हिंगणे, पर्वती, स्वारगेट, एम्प्रेस बाग अशा क्रमाने शहर ओलांडून हडपसर, लोणी काळभोर, दौंड आणि इंदापूरकडे जातो. त्याची लांबी २०२ किलोमीटर आहे. पाण्यास केवळ उताराने पुढे न्यावयाचे असल्यामुळे तो टेकड्यांच्या कडेकडेने वळणे घेत, नदीपेक्षा बराच उंचावरून चालतो. म्हणूनच कालव्याच्या वरची जमीन जिराईत राहते, तर खालची पाटाच्या पाण्याने भिजते आणि तेथे उसाचे मळे डोलतात.

परंतु जी उंची शेतास वरदान ठरली, तीच शहरात धोक्याची झाली. कालव्याच्या भरावालगत गरिबांनी झोपड्या उभारल्या. २७ सप्टेंबर २०१८ रोजी भर दिवसा जनता वसाहतीजवळ कालव्याची भिंत फुटली व पाण्याचा लोंढा दांडेकर पुलाच्या वस्तीत शिरला. शेकडो कुटुंबांचे धान्य, कपडे, मुलांची पुस्तके, सारे चिखलात गेले. तत्पूर्वी १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे अपुरे धरण फुटून त्याच्या लोंढ्याने खडकवासलाही फुटले होते. त्या वेळी नदीकाठच्या पेठा बुडाल्या आणि नंतर नळ कोरडे पडल्यामुळे लोकांस जुन्या विहिरी व हौदच कामी आले.

आज पानशेत, वरसगाव, टेमघर व खडकवासला या चार धरणांत मिळून सुमारे २९ अब्ज घनफूट पाणी मावते. एकेकाळी शहराच्या नळांसाठी पाणी या कालव्यातूनच घेत. आता ते बहुतांशी बंद नळातून जाते. परंतु शहर जितके अधिक पिते, तितके दौंड-इंदापूरचे आवर्तन आखडते. पिकाला पाण्याची पाळी एक आठवडा चुकली, तर शेतकऱ्याचे वर्ष वाया जाते, हे आमच्या खेडूत वाचकांस सांगावयास नको. भरपाई म्हणून शहराचे वापरलेले पाणी शुद्ध करून मुंढव्याजवळून जुन्या कालव्यात सोडण्यात येते. पण ते पुरेसे शुद्ध नसते, अशी खालच्या गावांची तक्रार असते. गळती व बाष्पीभवन टाळण्यासाठी खडकवासल्यापासून फुरसुंगीपर्यंत सुमारे २८ किलोमीटरचा बोगदा काढण्याची योजनाही पुढे आली आहे.

बोगदा होवो वा न होवो, मूळ प्रश्न उरतोच. पाणी एक आणि तोंडे अनेक. वरच्या अंगास राहणाऱ्याने आपली घागर भरताना खालच्या अंगास वाट पाहणाऱ्याची आठवण ठेवावी, हा गावच्या पाटावरील जुना रिवाज होय. शंभराहून अधिक वर्षे वाहत असलेला हा कालवा आता मोठ्या शहरासही तोच पाठ देत आहे. तो शहराने वेळीच गिरवावा, एवढीच आमची इच्छा.