भिंत कोणाची, भांडी कोणाची?

पाटणला केरा नदी कोयनेला मिळते, कोयना कऱ्हाडला कृष्णेला मिळते आणि कृष्णा पुढे सांगलीला जाते. शाळेत भूगोल शिकवताना हे वाक्य मी फळ्यावर किती वेळा लिहिले असेल, त्याची गणती नाही. त्याचा खरा अर्थ मात्र निवृत्तीनंतर, ऑगस्ट २०१९ मध्ये कळला. मुलीच्या शिक्षणासाठी आम्ही तेव्हा सांगलीत तळमजल्यावरच्या दोन खोल्या भाड्याने घेतल्या होत्या. कोयनेच्या खोऱ्यात पडलेला पाऊस आमच्या त्या खोल्यांत येऊन थांबला. आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फुटांची आहे. त्या वर्षी पाणी ५७ फुटांच्या वर गेले.

पाणी ओसरल्यावर घरमालकांच्या विमा कंपनीने नुकसान पाहायला सर्वेक्षक पाठवला. घर बांधताना काढलेल्या कर्जामुळे मालकांनी इमारतीचा विमा उतरवलेला होता. सर्वेक्षकाने भिंतींची ओल पाहिली, फुगलेली दारे मोजली, उखडलेल्या फरशीचे फोटो काढले. मग चिखलाने माखलेल्या कपाटापाशी थांबून त्याने विचारले, "हे सामान कुणाचं?"

मालक म्हणाले, "सरांचं. भाडेकरू आहेत आमचे."

"मग ते यात बसत नाही," असे म्हणून तो पुढच्या खोलीत गेला.

यात कोणाची लबाडी नव्हती. मालक सज्जन, सर्वेक्षक कामाला चोख. चूक माझीच होती. ज्या घरात राहतो त्या घराचा विमा आहे एवढे ऐकून मी निर्धास्त होतो. फ्रिज, कपाटे, गाद्या, मुलीचा संगणक आणि तीसेक वर्षे जमवलेली पुस्तके यांतल्या एकाही वस्तूचा विमा नव्हता.

पुढे आम्ही पाटणला परतलो आणि बारा सदनिकांच्या एका लहानशा इमारतीत घर घेतले. यथावकाश सोसायटीचे सचिवपद गळ्यात पडले. पहिल्याच वार्षिक सभेत एका सभासदाने विचारले, "सोसायटीचा विमा आहे ना? मग आमचा वेगळा कशाला?" सांगलीत मला पडायला हवा होता तोच हा प्रश्न. त्याच्या उत्तरासाठी मी कायदे, उपविधी आणि पॉलिसीची बारीक अक्षरे वाचत गेलो. हा लेख त्या वाचनाचे फळ आहे.

वाड्यातून सदनिकेत

हा गोंधळ आपल्या मनात का होतो, हे पाहण्यासाठी थोडे मागे जावे लागेल. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला, तेव्हा मी सात वर्षांचा होतो. कोयनानगर आणि आसपासच्या गावांत मिळून सुमारे १८० माणसे गेली. आमच्या वाड्याची मागची भिंत स्वयंपाकघरात कोसळली. वडिलांनी आधी माणसे मोजली, मग माती उपसून तांब्या-पितळेची भांडी बाहेर काढली. भिंत आमची होती आणि भांडीही आमचीच होती. नुकसान एकाच घराचे, एकाच माणसाच्या अंगावर आले.

सदनिकेत तसे नसते. तिथे घराचे थर पडतात. खाली जमीन, तिच्यावर इमारतीचा सांगाडा, जिना, गच्ची, पाण्याच्या टाक्या. त्यात तुमच्या चार भिंती आणि त्या भिंतींच्या आत तुमचा संसार. या थरांचे मालक वेगवेगळे असू शकतात. सहकारी गृहनिर्माण संस्थेत हस्तांतरण पूर्ण झाले की जमीन व इमारत संस्थेच्या नावावर होते आणि सभासदाकडे भाग-दाखला व सदनिका वापरण्याचा हक्क राहतो. १९७० च्या महाराष्ट्र अपार्टमेंट मालकी कायद्याखालच्या इमारतीत सदनिका तुमची स्वतःची असते आणि सामाईक भागात तुमचा अविभाज्य हिस्सा असतो. सदनिका भाड्याने दिली, की आणखी एक थर वाढतो: भिंती एकाच्या आणि भांडी दुसऱ्याची.

विम्याचे मूळ तत्त्व या थरांनाच धरून चालते. एखादी वस्तू नष्ट झाल्याने ज्याचे आर्थिक नुकसान होते, त्यालाच तिचा विमा उतरवता येतो आणि भरपाईही त्याच्याच नुकसानीपुरती मिळते. भाडेकरूच्या कपाटाशी मालकाचा आर्थिक संबंध नाही, म्हणून मालकाच्या विम्यात ते कपाट नाही. सभासदाच्या फ्रिजशी सोसायटीचा संबंध नाही, म्हणून सोसायटीच्या विम्यात तो फ्रिज नाही.

सोसायटीचा विमा कुठे संपतो

महाराष्ट्रातील गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींत संस्थेने आपल्या इमारतीचा आग व भूकंप यांपासून विमा उतरवावा, अशी तरतूद आहे. प्रत्यक्षात अनेक लहान संस्था तो उतरवत नाहीत, किंवा एकदा ठरवलेली रक्कम वर्षानुवर्षे तशीच ठेवतात. आमच्या संस्थेची रक्कम इमारत बांधली तेव्हाच्या खर्चाची होती. सिमेंट, सळई, मजुरी सगळे वाढले. पॉलिसीवरचा आकडा जागचा हलला नव्हता.

म्हणून सदनिकाधारकाने आधी आपल्या सोसायटीची पॉलिसी मागून वाचावी. ती आहे का, केवढ्या रकमेची आहे, तीत भूकंपाबरोबर पूर आणि दरड आहे का, हे पाहावे. ती पुरेशी असेल, तर स्वतःच्या सामानाचा विमा उरतो. नसेल, तर आपल्या सदनिकेच्या बांधकामाचाही उतरवावा. त्यासाठी बाजारभाव धरायचा नसतो. सदनिकेची किंमत चाळीस लाख असली, तरी त्यात जागेची किंमत मिसळलेली असते, आणि जागा आगीत जळत नाही. चटई क्षेत्रफळाला आजच्या बांधकाम खर्चाच्या दराने गुणले, की विम्याची रक्कम मिळते.

आणखी दोन समजुती इथेच दूर कराव्यात. कर्ज देताना बँकेने घ्यायला लावलेला विमा अनेकदा कर्जदाराच्या आयुष्याचा असतो. तो घराचा नव्हे. इमारतीचा असला, तरी त्याच्या भरपाईवर पहिला हक्क बहुधा बँकेचा. दुसरी समजूत बिल्डरची. रेरा कायद्याप्रमाणे ताबा दिल्यापासून पाच वर्षांच्या आत बांधकामातले दोष दिसले, तर ते दूर करण्याची जबाबदारी बिल्डरवर आहे. ती सदोष कामाची जबाबदारी झाली. नदी घरात आली, तर तो बिल्डरचा दोष ठरत नाही.

भाडेकरूचे काय

भाडेकरूला वाटते, घरच आपले नाही तर विमा कसला? पण त्याच्याच पदरात सर्वांत कमी संरक्षण असते. मालमत्ता हस्तांतरण कायदा, १८८२ च्या कलम १०८ प्रमाणे आग, वादळ किंवा पूर यांमुळे भाडेपट्ट्याची जागा कायमची निरुपयोगी झाली, तर भाडेकरूला पट्टा संपवता येतो. म्हणजे भाड्यातून सुटका होते. सामानाच्या भरपाईचा तिथे उल्लेख नाही. आपल्याकडे प्रचलित असलेल्या अकरा महिन्यांच्या करारात तर बहुधा अनामत रक्कम, वीजबिल आणि रंगरंगोटी एवढेच असते.

दुसरी गोष्ट क्वचितच कोणी सांगते. भाडेकरूच्या निष्काळजीपणाने आग लागली आणि मालकाच्या विमा कंपनीने मालकाला भरपाई दिली, तर कंपनी मालकाच्या जागी उभी राहून ती रक्कम भाडेकरूकडून वसूल करू पाहू शकते. मालकाचा विमा भाडेकरूची ढाल होईलच असे नाही. दुसऱ्याच्या नुकसानीची जबाबदारी पेलणारे संरक्षण वेगळे घ्यावे लागते. ते कोणत्या पॉलिसीत जोडून मिळते, हे विचारून घ्यावे.

सरकारी मदत आणि भरपाई

"पंचनामा होतोच की," असेही सभेत कोणी म्हणाले. जुलै २०२१ मध्ये आपल्या तालुक्यात आंबेघर, मिरगाव, ढोकावळे येथे दरडी कोसळल्या. तेव्हा सरकारी मदतीचे मोल आपण सर्वांनी पाहिले. ती मिळालीच पाहिजे. पण ती संसार पुन्हा उभारण्याच्या खर्चाच्या हिशेबाने दिली जात नाही. आपत्ती निधीच्या २०२२ ते २०२६ साठीच्या केंद्रीय निकषांत पूर्ण पडलेल्या घराला सपाट भागात १,२०,००० रुपये आणि डोंगरी भागात १,३०,००० रुपये आहेत. कपड्यांसाठी कुटुंबाला २,५०० आणि भांड्यांसाठी २,५०० रुपये आहेत. राज्य सरकार प्रसंगी त्यात भर घालते. तरीही एका फ्रिजची किंमत डोळ्यांपुढे आणली, की मदत आणि भरपाई यांतले अंतर समजते.

पॉलिसीत काय आहे, काय नाही

१ एप्रिल २०२१ पासून विमा नियामकाने 'भारत गृह रक्षा' ही घरासाठीची प्रमाणित पॉलिसी सर्व कंपन्यांना सारख्याच अटींवर द्यायला लावली. तीत आग, वीज पडणे, भूकंप, वादळ, पूर, जमीन खचणे, दरड कोसळणे, पाण्याची टाकी किंवा नळ फुटणे अशी संकटे मुळातच येतात. इमारतीचा विमा घेतला, तर सामानाला त्याच्या २० टक्क्यांइतके, पण जास्तीत जास्त १० लाखांपर्यंत संरक्षण आपोआप मिळते. जास्त हवे असेल, तर यादी देऊन वाढवता येते. भाडेकरूला फक्त सामानाचा विमा घेता येतो. घर राहण्याजोगे उरले नाही, तर दुरुस्ती होईपर्यंतच्या पर्यायी जागेच्या भाड्याचीही सोय या पॉलिसीत आहे. मात्र ती इमारतीच्या संरक्षणाशी जोडलेली असल्याने फक्त सामानाचा विमा घेणाऱ्याने तिच्याबद्दल स्पष्ट विचारावे.

मर्यादाही तितक्याच स्पष्ट आहेत. जुनी होत गेलेली गळती, झीज, वाळवी यांची भरपाई नाही. चोरीला संरक्षण आहे ते फक्त विम्यातील एखादे संकट आल्यानंतरच्या सात दिवसांत झालेल्या चोरीला. एरवीच्या घरफोडीसाठी वेगळा विमा लागतो. दागिन्यांसाठी जादा संरक्षण मागून घ्यावे लागते. रोख रक्कम, कागदपत्रे, वाहन यांत नाही. या यादीत आणखी एक शब्द आहे, आणि या अंकाच्या वाचकांना तो माझ्याइतकाच बोचेल: हस्तलिखिते.

सांगलीच्या त्या कपाटात आईची ओव्यांची वही होती. जात्यावर ऐकलेल्या ओव्या तिने उतारवयात पेन्सिलीने लिहून काढल्या होत्या. पुराने ती लगदा करून टाकली. माझा विमा असता, तरी तिचा एक पैसाही मिळाला नसता, आणि मिळाला असता तरी त्याचे मी काय करणार होतो? विमा वस्तूची किंमत देतो. जिची किंमतच होत नाही, ती आपणच उंचावर ठेवायची असते, तिची नक्कल करून दुसऱ्या गावी ठेवायची असते.

साताऱ्याची जुनी सवय

विमा आपल्या मुलखाला नवा नाही. साताऱ्याला १९१३ मध्ये अण्णासाहेब चिरमुले यांनी वेस्टर्न इंडिया विमा कंपनी सुरू केली होती. १९५६ मध्ये आयुर्विम्याचे राष्ट्रीयीकरण झाले आणि तेव्हापासून एलआयसीचा एजंट घराघरांत पाहुण्यासारखा येत राहिला. म्हणजे मरणाचा विमा आपण तीन पिढ्या उतरवत आलो. घर मात्र आपल्याला अढळ वाटत राहिले. ज्या कोयनेच्या परिसराला भूकंपाच्या नकाशात चौथ्या क्षेत्रात बसवले आहे आणि जिथली नदी दर पावसाळ्यात पात्राबाहेर डोकावते, तिथे ही समजूत महागात पडते.

मागच्या दिवाळीत घर आवरताना मी आणि पत्नीने एक वही केली. खोलीवार सामान, घेतल्याचे वर्ष, किंमत, सापडल्या तेवढ्या पावत्या. प्रत्येक खोलीचे फोटो काढून मुलीला पाठवून ठेवले, कारण पाण्यात गेलेल्या पावतीचा उपयोग नसतो. मग सामानाचा विमा उतरवला. वर्षाचा हप्ता आमच्या चौघांच्या एका वेळच्या हॉटेलातल्या जेवणापेक्षा कमी निघाला.

सोसायटीच्या सभेत विम्याची रक्कम वाढवायचा ठराव झाला. खालच्या मजल्यावर एक तरुण शिक्षिका भाड्याने राहतात. सभा संपल्यावर त्या जिन्यात थांबल्या. "सर, माझं तर घरही नाही इथं. मी कशाचा विमा उतरवू?"

मी म्हणालो, "बाई, दार उघडून आत पाहा. जे जे तुम्ही आणलंय, त्याचा."

दुसऱ्या दिवशी त्यांनी यादी आणून दाखवली. दोन पाने भरली होती.