पोरं घडताना – ९ : आज कितला टाकात?

गेल्या आठवड्यात आपण अमेरिकन फुटबॉलमधल्या क्वार्टरबॅकला बाकावर बसवून थांबलो होतो. त्याला आणखी आठ दिवस तिथेच बसू द्या. बाकावर बसूनच तो शिकतो हे मला सांगायचे आहे, तेव्हा त्याची तक्रार नसावी. मध्येच अमळनेर तालुक्यातून एक पत्र आले आणि ते बाजूला ठेवून पुढे जाणे मला जमले नाही.

पत्र एका शेतकरी वडिलांचे आहे. मुलगा चौदा वर्षांचा, नववीत, उजव्या हाताने वेगात टाकतो. वडील लिहितात : "आबा, दोन महिन्यांपासून त्याची कंबर डाव्या बाजूला दुखते. शिकवणारे म्हणतात, अंगात ताकद कमी आहे, केळी आणि दूध वाढवा. केळीला आपल्याकडे तोटा नाही. पण तो मागे वाकला की कळवळतो. खाऊ घालू की थांबवू?"

थांबवा. हा लेख पुढे वाचण्याआधीच थांबवा. अस्थिरोगतज्ज्ञाकडे न्या आणि पहिल्याच वाक्यात सांगा की मुलगा वेगवान गोलंदाज आहे. साध्या एक्स-रेवर समाधान मानू नका. सुरुवातीची इजा त्यात बऱ्याचदा दिसतच नाही, एमआरआयमध्ये दिसते. केळी खाऊ द्या, त्याने काही बिघडत नाही.

आता हे इतक्या घाईने का सांगितले ते बघू. उजव्या हाताचा गोलंदाज, दुखणे डावीकडे, मागे वाकले की वाढते. जगभरच्या क्रिकेट संघांचे फिजिओ या तीन गोष्टी एकत्र ऐकल्या की कान टवकारतात. चेंडू सुटण्याच्या किंचित आधी गोलंदाजाचा पुढचा पाय जमिनीवर आदळतो. त्या वेळी शरीराच्या वजनाच्या पाच-सहा पट, कधी त्याहूनही जास्त दणका त्या पायातून वर चढतो. त्याच क्षणी कंबर मागे वाकलेली असते, एका बाजूला झुकलेली असते आणि पिळलेलीही असते. हा सगळा भार कमरेच्या शेवटच्या दोन-तीन मणक्यांच्या मागच्या कमानीतल्या एका बारीक हाडावर येतो, तोही टाकणाऱ्या हाताच्या उलट बाजूला. तार पुढे-मागे वाकवत राहिलो की एका वाकवण्याने ती तुटत नाही, पण कुठल्या तरी वाकवण्याला तुटतेच. हाडाचेही तसेच होते. फरक इतकाच की हाड जिवंत असते. मध्ये विश्रांती मिळाली तर ते स्वतःला सांधते आणि पुढच्या वेळी थोडे जाड होऊन येते. विश्रांती मिळाली नाही तर आधी सूज, मग केसाएवढी चीर, मग आरपार भेग.

चौदाव्या वर्षी तर हे हाड पुरते पक्केही झालेले नसते. विशीच्या पुढेपर्यंत ते भरत राहते. पोरगा एका वर्षात चार बोटे उंच होतो, बापाच्या चपला त्याला बसायला लागतात, आणि आपण म्हणतो, आता गडी तयार झाला. उंची आली, हाड मागे राहिले.

ही गोष्ट खान्देशातल्या शेतकऱ्याला मी शिकवावी, हा खरे तर विनोद आहे. वरखेडीच्या बाजारात गोऱ्हा घेताना कोणी त्याच्या उंचीवर जात नाही, खालचा ओठ ओढून दात बघतात. आदत, म्हणजे अजून दुधाच्या दातांचा, असेल तर त्याला औताला जुंपायचा विचारही नाही. दोनदाती झाला की जाणत्या बैलाच्या जोडीला रिकामी गाडी. मग हलके कोळपे. नांगराची पाळी फार पुढे. आदत गोऱ्हा नांगराला धरणाऱ्याला गाव नावे ठेवते. तेच गाव चौदा वर्षांच्या पोराला सलग बारा षटके टाकायला लावते आणि बांधावरून टाळ्या वाजवते.

भारतीय क्रिकेट मंडळही दातच बघते म्हणा ना, फक्त मनगटात. सोळा वर्षांखालच्या स्पर्धांसाठी मुलाच्या मनगटाचा एक्स-रे काढून हाडाचे वय ठरवतात. त्या पद्धतीला टीडब्ल्यू-थ्री म्हणतात. खोट्या जन्मदाखल्यांना आळा घालायला ती आणली. मला नेहमी वाटते, मनगटाचे हाड बघायचेच आहे तर त्याच कागदावर या पोराने आठवड्याला किती टाकावे हेही लिहून का देत नाहीत?

किती टाकावे याचे उत्तर इंग्लंडच्या मंडळाने पूर्वीच लिहून ठेवले. तिथे बरीच वर्षे चाललेला हिशेब असा : तेरा वर्षांपर्यंतच्या मुलाने एका दमात ५ षटके आणि दिवसभरात १०. चौदा-पंधराव्या वर्षी ६ आणि १२. सोळा ते एकोणीस ७ आणि १८. शिवाय एक स्पेल संपला की जितकी षटके टाकली तितकी त्या टोकाकडून दुसऱ्यांनी टाकेपर्यंत चेंडू पुन्हा हातात नाही. ही झाली सामन्याची गोष्ट. माझ्या दृष्टीने खरी मेख सरावाच्या कलमात आहे : चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाला नेटमध्ये एका सत्रात ३६ चेंडू, आणि अशी सत्रे आठवड्यात दोन. हा आकडा लक्षात ठेवा, शेवटी लागणार आहे.

माझा भाचा न्यू जर्सीत असतो. त्याचा मुलगा लिटल लीगमध्ये, म्हणजे मुलांच्या बेसबॉलमध्ये, पिचर आहे. मागे फोनवर भाचा म्हणाला, "मामा, इथे मैदानात बाकावर एक बाई बसते. तिच्या हातात आपल्या आजीचं जपाचं यंत्र असतं." मला आधी कळेना. मग उलगडले. पंढरपुरात किंवा कुठल्याही मठाबाहेर बोटात घालायचे ते बटणाचे यंत्र मिळते ना, एकदा दाबले की एक नाम, तसलेच यंत्र घेऊन त्या बाई प्रत्येक फेक मोजत असतात. लिटल लीगने २००७ पासून डाव मोजायचे सोडून फेकी मोजायला सुरुवात केली. अकरा-बारा वर्षांच्या मुलाला दिवसात जास्तीत जास्त ८५. सहासष्ट झाल्या की पुढचे चार दिवस पिचिंग करायचे नाही. आई-बापांनी हट्ट केला तरी नाही, अंतिम सामना असला तरी नाही.

पिचरचे मोडते ते कोपर, आपल्या गोलंदाजाची मोडते ती कंबर. पिचर हात वाकवून झटक्याने सोडतो, आपला धावत येऊन हात सरळ ठेवून सोडतो, म्हणून. कोपरातला तुटलेला स्नायुबंध बदलण्याची शस्त्रक्रिया डॉ. फ्रँक जोब यांनी पहिल्यांदा १९७४ मध्ये केली. ज्या पिचरवर केली त्याच्याच नावाने ती ओळखली जाते, टॉमी जॉन. हा माणूस १९७६ मध्ये परत आला आणि त्यानंतर आणखी १६४ सामने जिंकून गेला. ही गोष्ट ऐकून अमेरिकेतल्या पालकांनी उलटाच धडा घेतला. मोडले तर मोडले, नवे बसवता येते! कमरेचे तसे नाही, हे बरे की वाईट मला कळत नाही.

आणि मोठ्यांची नावे हवी असतील तर पॅट कमिन्सचे घ्या. नोव्हेंबर २०११, जोहान्सबर्ग, वय १८, पहिली कसोटी. दुसऱ्या डावात ६ बळी, विजयी फटका त्याचाच, सामनावीरही तोच. त्याची दुसरी कसोटी रांचीला झाली, मार्च २०१७ मध्ये. मधली पाच वर्षे आणि चार महिने बहुतेक त्या कमरेने खाल्ली. त्याच्या आधीच्या पिढीत डेनिस लिलीची कंबर १९७३ च्या वेस्ट इंडीज दौऱ्यात अशीच गेली. त्याला धडाला प्लास्टर घालून ठेवले होते. तो परत आला, नव्या शैलीने टाकू लागला, आणि चेन्नईत १९८७ मध्ये एमआरएफ पेस फाउंडेशन निघाले तेव्हा आपल्या पोरांना शिकवायला हाच माणूस आला. ज्याची कंबर मोडली त्यानेच कंबर कशी जपावी ते सांगितले. श्रीरामपूरहून निघालेला झहीर खान त्या तालमीतूनही गेला. झहीरवर मी एक पूर्ण हप्ता लिहिणार आहे, त्याला आज हात लावत नाही.

उमेश यादवला मात्र लावतो. नागपूरजवळ खापरखेड्याला कोळसा खाणीतल्या कामगाराच्या घरात वाढलेला हा मुलगा. पोलीस शिपाई व्हायला गेला, जमले नाही. टेनिसच्या चेंडूवर खेळत मोठा झाला. कातडी चेंडू नीट हाती आला तोच मुळी एकोणीस-विसाव्या वर्षी. २००८ मध्ये विदर्भाकडून रणजी, २०११ मध्ये कसोटी, आणि पुढे ५७ कसोट्यांत १७० बळी. लोक म्हणतात, बघा, किती उशिरा सुरुवात करूनही! मी म्हणतो, उशिरा सुरुवात केली म्हणूनही असेल. त्याच्या कमरेवर शाळेचा, क्लबचा आणि तालुक्याचा भार पडलाच नव्हता. एका उदाहरणाने काही सिद्ध होत नाही, हे खरे. माझा हट्ट समजा.

कारण हट्टामागे एक वही आहे. मी १९८६ पासून स्कोअरर. खांबांना बांधलेल्या कनातीखाली, डोक्यावर ओला रुमाल टाकून, चार रंगांची पेने घेऊन बसणारा. नव्वदच्या दशकातले एक स्कोअरबुक परवा काढले. सतरा वर्षांचा एक पोरगा, नाव लिहीत नाही. चार दिवसांत दोन सामने, ६१ षटके. त्याच्या आकड्यांखाली मी लाल पेनने दोनदा रेघ मारली आहे, कौतुकाची. तेव्हा त्याला पाठ थोपटून म्हणालो होतो, "भो, तू वाघ आहेस." दोन हंगामांनी वाघ टाकायचा थांबला. आज तो खते-बियाण्यांच्या दुकानात गल्ल्यावर बसतो आणि त्याच्या खुर्चीला मागे उशी लागते. ३६६ चेंडू एकेक करून मीच टिंब आणि आकड्यांनी भरले होते. बेरीज केली ती फक्त धावांची.

तीही सामन्यातल्या चेंडूंची वही. नेटमधले चेंडू कुठल्याच वहीत नसतात. रात्री हॅलोजनच्या उजेडात पुढाऱ्याच्या फ्लेक्सखाली टेनिस चेंडूच्या स्पर्धा होतात, त्यातले तर सोडाच. चांगला टाकणारा पोरगा सकाळी शाळेचा असतो, संध्याकाळी क्लबचा आणि रविवारी गावाचा. तिघांपैकी प्रत्येकजण म्हणतो, माझ्याकडे फार टाकत नाही हो. एकच बैल तीन शेतांवर गेला तर त्याचा मालक भांडायला येईल. या पोराचा मालकच कोणी नाही. पुन्हा जळगावच्या जैन इरिगेशनसारखा संघ मुंबईत टाइम्स शील्ड ही कंपन्यांच्या संघांची स्पर्धा खेळतो, म्हणजे टाकता टाकता नोकरी लागू शकते, हे पोराला डोळ्यांसमोर दिसत असते. कंबर दुखते हे तो सांगेल कशाला?

पत्रलेखकांना एक विचारतो. दुखणे एप्रिलच्या शेवटी किंवा मे महिन्यात सुरू झाले का? पत्रातल्या तारखेवरून मी तसेच धरतो. खान्देशातल्या पोराची कंबर मे महिन्यात जाते, हे मी पंचवीस वर्षे बघत आलो आहे. फेब्रुवारीपासून घरात परीक्षेचे वातावरण, चेंडू माळ्यावर. परीक्षा संपली की दुसऱ्या दिवशी उन्हाळी शिबिर. ऊन चव्वेचाळीसच्या पुढे, म्हणून दुपार टाळून दोन सत्रे : सकाळी सहाला आणि संध्याकाळी पाचला. सकाळी साठ, संध्याकाळी साठ, आठवड्याचे सहा दिवस. झाले ७२०. मार्चमध्ये शून्य. खाली सिमेंटची खेळपट्टी, वर मॅट. फी भरलेली असल्यामुळे घरचेही विचारतात, आज टाकायला मिळालं का नीट? हाडाला वाढत्या भाराची सवय होते, पण ती आठवड्या-आठवड्याने. शून्यावरून ७२० वर उडी मारली तर मोठ्यांचीही कंबर टिकत नाही.

शैलीचाही प्रश्न आहे. खांदे एका दिशेला आणि कंबर दुसऱ्या, अशा मिश्र शैलीत पिळा जास्त पडतो. पण शैली पत्राने दुरुस्त होत नाही, आणि चीर असताना तर शैलीला हातच लावू नये.

हा मजकूर लिहायच्या आधी मी एक उद्योग केला. घरातले जपाचे यंत्र बोटात घातले आणि संध्याकाळी एका मैदानावर जाऊन बसलो. कुठले ते सांगत नाही. नेटमध्ये पाच पोरे टाकत होती, त्यातला सगळ्यात उंच निवडला. पंधरा वर्षांचा असेल. तो टाकायचा, मी दाबायचो. शिकवणाऱ्यांनी लांबून नमस्कार केला, "आबा, जप चालू आहे का?" चालूच होता. अंधार पडल्यावर पोरगा सायकल काढायला आला तेव्हा हाक मारली, "कितला टाकात रे भो आज?"

तो जरा विचारात पडला. म्हणाला, "पन्नास-साठ असतील."

मी बोट पुढे केले. १४३.

त्याने आकडा बघितला, मग यंत्राकडे बघितले आणि विचारले, "हे कुठं मिळतं?" मी ते काढून त्याच्या हातात दिले. घरी माळ आहेच.

क्वार्टरबॅक पुढच्या आठवड्यात, नक्की. त्याला आणि पिचरला दोघांनाही फेकायला शिकवणारा टॉम हाउस नावाचा एक माणूस आहे. २००८ मध्ये उत्तर प्रदेशातल्या रिंकू सिंग आणि दिनेश पटेल या दोन भालाफेक करणाऱ्या मुलांना त्यानेच पिचर बनवले. सुरुवात तिथून करू.