भिंतीमागची माती

पुलाच्या टोकाशी तुळया पेलणारी व मागचा भराव अडविणारी भिंत म्हणजे अंत्याधार. भरावाचा दाब काढण्याची कूलंबची रीत १७७६ सालची; तीत भिंतीची दरवर्षीची ये-जा धरलेली नाही. सांधा वगळून तुळया व भिंती एकजीव केल्या, तर ८० मीटरांचा पोलादी पूल ४० अंश सेल्सियस तापमानवाढीने सुमारे ३८ मिलिमीटर लांबतो आणि भिंतींना भरावात रेटतो. थंडीत भिंती परत फिरतात. पडलेल्या फटीत माती घसरून बसते. पुढील उन्हाळ्यात ती तितकी सैल उरत नाही, आणि दाब असा वर्षानुवर्षे चढू शकतो. म्हणून मॅसॅच्युसेट्समध्ये मिलर्स नदीवरील अशा पुलाच्या भिंतींमागे दाबमापके बसवून २००२ सालापासून काही वर्षे नोंदी घेण्यात आल्या. उन्हाळ्याचा आकडा मागील उन्हाळ्याशीच ताडावा. हिवाळ्याशी ताडल्यास ऋतूचा फरक तेवढा दिसेल, खरा चढ नव्हे.