गाडीच्या इंधनाचा ताळेबंद

सात आसनांची मोठी गाडी आज अनेक कुटुंबांत घरच्या माणसासारखी झाली आहे. तिचे ॲव्हरेज लिटरमागे १४ किलोमीटरवरून १० वर उतरले, तर महिन्याला १,००० किलोमीटर धावण्यासाठी सुमारे ७१ लिटरऐवजी १०० लिटर इंधन लागते. लिटरला शंभर रुपये धरले, तर वर्षाकाठी ३४,००० रुपयांहून अधिक रक्कम धुरावाटे निघून जाते. अशा वेळी पुष्कळ गृहस्थ गाडी गॅरेजमध्ये उभी करून ‘जरा बघा’ एवढेच सांगतात आणि मग एकामागून एक सुटे भाग बदलले जातात. रोग कळण्यापूर्वीच औषध सुरू होते.

पहिले काम मोजमापाचे. डॅशबोर्डवरचा आकडा हा गाडीतील संगणकाचा अंदाज असतो. खरा हिशेब टाकी ते टाकी. एकाच पंपावर, नोझल पहिल्यांदा आपोआप बंद होईपर्यंत टाकी भरावी व किलोमीटरची नोंद करावी. पुढच्या खेपेस तशीच टाकी भरून, धावलेल्या किलोमीटरना भरलेल्या लिटरने भागावे. तीन-चार खेपांची सरासरी काढावी आणि तिची तुलना त्याच गाडीच्या जुन्या नोंदींशी करावी. कंपनीच्या पत्रकातील आकडा प्रयोगशाळेत रोलरवर ठरावीक गतिक्रमाने काढलेला असतो. घाटरस्ता आणि चौकातील खोळंबा त्यात नसतो. मूळ मापापेक्षा मोठ्या व्यासाचे टायर बसवले असल्यास मीटर प्रत्यक्षाहून कमी किलोमीटर दाखवतो, हेही ध्यानात घ्यावे.

पेट्रोल गाडीच्या बाबतीत इथेनॉलचा वाटा वेगळा काढणे न्याय्य ठरते. इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या तुलनेत लिटरमागे सुमारे एक तृतीयांश ऊर्जा कमी असते. २० टक्के मिश्रणामुळे जुन्या रचनेच्या चारचाकीचे ॲव्हरेज ६ ते ७ टक्क्यांनी घटेल, असा अंदाज नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालात आहे. म्हणजे १४ चे १३ होणे समजण्यासारखे. १० होण्यामागे दुसरे कारण शोधले पाहिजे.

शोधाची सुरुवात बिनखर्चाच्या तपासण्यांनी करावी. चालकाच्या दाराच्या चौकटीवरील पट्टीत दिलेल्या दाबाइतकी हवा, टायर थंड असताना, भरून घ्यावी. कमी हवेचा टायर इंधन तर खातोच, शिवाय महामार्गावर तापून फुटण्याचा धोकाही असतो. सुट्टीतील प्रवासासाठी छतावर बसवलेले कॅरिअर काम संपताच उतरवावे. वेग वाढतो तसा त्याला होणारा वाऱ्याचा विरोधही वाढतो. त्यानंतर ब्रेक. मोकळ्या रस्त्यावर, ब्रेकचा फारसा वापर न करता आठ-दहा किलोमीटर गाडी चालवून थांबवावी आणि चाकांना स्पर्श न करता प्रत्येकाजवळ हात न्यावा. एखादे चाक इतरांहून बरेच तापलेले असेल, तर तेथील ब्रेक धरून राहत असण्याची दाट शक्यता आहे. ही दुरुस्ती मुळीच लांबणीवर टाकू नये.

येथवर दोष सापडला नाही, तर इंजिनाकडे वळावे. तापमानाचा काटा बराच वेळ गाडी चालवूनही नेहमीच्या जागी येत नसेल, तर थर्मोस्टॅट उघडाच अडकल्याची शंका घ्यावी. इंजिन थंड समजून संगणक जादा इंधन देत राहतो. ऑक्सिजन सेन्सर मंदावला तरी मिश्रणाचे प्रमाण बिघडू शकते आणि तेव्हा इशाऱ्याचा दिवा लागेलच असे नाही. म्हणून भाग बदलण्यापूर्वी मेकॅनिककडून स्कॅनरवरील आकडे पाहून घ्यावेत. बहुधा पहिला संशय एअर फिल्टरवर जातो; पण आजच्या पेट्रोल इंजिनात संगणक आत आलेल्या हवेच्या मापानेच इंधन सोडतो. त्यामुळे फिल्टर तुंबल्यास गाडीचा जोर घटतो, ॲव्हरेजवर मात्र फारसा परिणाम होत नाही.

एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ डिझेल गाड्यांचा प्रश्न निराळा आहे. त्यांच्या धुराच्या मार्गातील गाळणीत साचलेली काजळी जाळण्यासाठी गाडी अधूनमधून जादा डिझेल वापरते. शाळा, बाजार, दवाखाना अशा दोन-दोन किलोमीटरच्या फेऱ्यांत हे ज्वलन अर्धवट राहते आणि पुनःपुन्हा सुरू होते. त्यातील काही डिझेल इंजिन ऑइलमध्ये उतरून ऑइलची पातळी वाढू शकते. अशा गाडीस पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे अधूनमधून मोकळ्या रस्त्यावर सलग चालवणे आवश्यक असते. रोजचा वापर केवळ जवळचा असेल, तर पुढील गाडी निवडताना डिझेलचा मोह टाळावा.

एका वेळी एकच दुरुस्ती करावी आणि त्यानंतर पुन्हा दोन-तीन टाक्यांचा हिशेब मांडावा. चार भाग एकदम बदलले, तर गुण कशाने आला ते कळत नाही आणि बिल मात्र चौघांचे येते. गाडीच्या कप्प्यात एक छोटी वही व पेन ठेवून तारीख, किलोमीटर, लिटर व रक्कम अशा चार रकान्यांत प्रत्येक खेप लिहावी. पुढचा बिघाड मोठा होण्याआधीच तो त्या वहीत दिसू लागेल.