अश्रूंना वाट द्या

काकती हे कित्तूरच्या राणी चन्नम्माचे जन्मगाव, याचा आपणा सर्वांस रास्त अभिमान आहे. बेळगावास बाजाराला जाताना चौकातील तिचा अश्वारूढ पुतळा आपण मुलांना दाखवितो आणि म्हणतो, "पाहा, ही आपल्या गावची लेक! हिच्यासारखे धीट व्हा." परंतु पुतळा हा आयुष्याचा एकच क्षण सांगतो. पतीचे निधन, संस्थानाच्या वारसाचा मृत्यू, १८२४ च्या ऑक्टोबरात इंग्रजांवर मिळविलेला विजय आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात झालेला पराभव, हे सारे सोसून तिने उरलेली चार वर्षे बैलहोंगलच्या किल्ल्यात बंदिवासात काढली. तेथेच २१ फेब्रुवारी १८२९ रोजी तिचे देहावसान झाले. त्या बंदिवासाचा पुतळा कोणी उभारीत नाही. म्हणून धीट माणूस रडत नाही, एवढा अर्धाच धडा आपण शिकलो आहोत.

हा अर्धा धडा मीही गिरविला होता. काही वर्षांपूर्वी माझी आई वारली. अंत्यविधी मीच केला. भावंडांना धीर दिला. तिसऱ्या दिवशी कामावर हजर झालो. डोळ्यांतून टिपूस काढले नाही, आणि त्याचा मला मनातून थोडा गर्वही वाटला. पुढे मात्र झोप उडाली. वेदीसेवक मुलांवर मी क्षुल्लक कारणांवरून खेकसू लागलो. एके दिवशी एक वृद्ध आजीबाई थांबून मला म्हणाल्या, "फादर, रागावू नका, पण एक विचारते. आई गेली तेव्हा तुम्ही सगळ्यांना धीर दिलात. तुम्हाला कोणी दिला?" मला उत्तर देता येईना. त्या रात्री मी प्रथमच रडलो, आणि पुष्कळ दिवसांनी झोपही लागली.

वाचकहो, दाबलेले दुःख नाहीसे होत नाही, ते वेष पालटते. कर्जाची भीती बायकोवरील संताप होऊन बाहेर पडते. परीक्षेत नापास झाल्याची लाज पोटदुखी होऊन बसते. सुनेचा एकटेपणा अबोला होतो. पुष्कळदा तर तो दारूच्या बाटलीत शिरतो. म्हणून राग आला की स्वतःस विचारावे, ‘हा खरोखर रागच आहे, की भीती आहे, की दुःख आहे?’ खरे नाव सापडले की त्यावर उपायही सुचू लागतो. खुद्द प्रभू येशूनेही लाजरच्या कबरीपाशी अश्रू ढाळले. मग आपणच का लाजावे?

मराठीत या गोष्टीचे उत्तम उदाहरण लक्ष्मीबाई टिळकांचे आहे. १० फेब्रुवारी १८९५ रोजी त्यांचे पती नारायण वामन टिळक यांनी मुंबईस बाप्तिस्मा घेतला. त्या काळच्या ब्राह्मण घरातील स्त्रीला हा आघात वैधव्याहून हलका नव्हता. पुढील काही वर्षे त्या पतीपासून दूर, आप्तांच्या आश्रयाने राहिल्या. त्या काळात त्या रडल्या, चिडल्या, आजारी पडल्या. आणि जेमतेम शिक्षण असूनही आपली व्यथा कवितेत मांडू लागल्या. कालांतराने पतिपत्नी पुन्हा एकत्र आली. उतारवयात ‘स्मृतिचित्रे’ या ग्रंथात त्यांनी हे सारे लिहिले, आणि तेही कोठे स्वतःवर हसत, कोठे पतीवर रुसत. दुःख लपवून नव्हे, तर बोलून दाखवून ही बाई कणखर झाली.

शास्त्रज्ञांनीही या अनुभवास दुजोरा दिला आहे. १९८६ साली अमेरिकेत जेम्स पेनेबेकर व सँड्रा बील यांनी काही विद्यार्थ्यांना सलग चार दिवस, रोज पंधरा मिनिटे, आपल्या आयुष्यातील दुःखद प्रसंग लिहावयास सांगितले. लिहिल्याबरोबर त्यांना अधिकच वाईट वाटले. परंतु ज्यांनी प्रसंगाबरोबर मनातील भावनाही मांडल्या, त्यांना पुढील महिन्यांत दवाखान्यात कमी वेळा जावे लागले. तेव्हा बोलताना रडू फुटले, तर औषध उलटले असे समजू नये.

घरात काय करता येईल? विश्वासाचे एक माणूस निवडावे, मग ती बहीण असो, शेजारीण असो वा शेतावरचा सोबती, आणि मन मोकळे करावे. ऐकणाऱ्याने उपदेशाची घाई करू नये, "पुरुषासारखा पुरुष, आणि रडतोस काय?" असे तर मुळीच म्हणू नये. जेवण, झोप, शेतातील काम व गुरांची धार यांच्या वेळा मोडू देऊ नयेत. मन ढासळले असता असा नेम आधार देतो.

मात्र दोन आठवडे लोटूनही मन उभारी धरीत नसेल, अन्नावरची वासना व झोप गेली असेल, किंवा ‘आता जगून काय करायचे?’ असे शब्द तोंडी येऊ लागले, तर ते थट्टेवारी नेऊ नये. त्या माणसास एकटे सोडू नये व विनाविलंब वैद्यकीय मदत घ्यावी. धारवाडला मानसिक आरोग्याची मोठी सरकारी संस्था आहे. १० ऑक्टोबर २०२२ पासून ‘टेली-मानस’ ही सरकारी सेवाही चालू आहे. १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस, विनामूल्य, अनेक भारतीय भाषांत बोलता येते. मोडलेला हात आपण वैद्यास दाखवितो. मोडलेले मन दाखविण्यात कमीपणा कसला?

यापुढे मुलांना राणीचा पुतळा दाखवाल, तेव्हा त्यांना बैलहोंगलच्या किल्ल्याचीही गोष्ट सांगा. आणि आज संध्याकाळी, चुलीपाशी गप्प बसलेले कोणी आपल्या घरात दिसले, तर त्याच्याजवळ जाऊन एवढेच विचारा, "तुला धीर कोणी दिला?"